घाट उतरताना हात कुठे: हूडवर की ड्रॉपमध्ये?

गोव्यातल्या केरी गावात पोचल्यावर मावसभावाने दुकानातून पाण्याची बाटली घेतली आणि त्याला तिचं झाकण फिरवता येईना. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वळलेली. बेळगावहून गोव्यात येणारा चोर्ला घाट तो सायकलवर पहिल्यांदाच उतरला होता. "दादा, चढ परवडला. उतरताना ब्रेक दाबून दाबून हात गेले." कुठे धरलं होतंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "वरच की. खाली वाकायची भीती वाटते."

ही भीती मला ठाऊक आहे. माझीही पहिली दोन वर्षं हूडवरच गेली. हूड म्हणजे ब्रेक लिव्हरच्या डोक्यावरची रबरी मूठ, ड्रॉप म्हणजे हँडलचा खाली वळलेला बाक. रोड बाइक नवी असेल आणि घाटाचा बेत ठरत असेल तर या दोन्हींतून निवड करावीच लागते. माझं मत आधीच सांगतो: घाटात ड्रॉप. वेगासाठी नव्हे, ब्रेकसाठी.

लिव्हर वरच्या टोकाला खिळीवर फिरते. हूडवरून दाबताना बोटं त्या खिळीजवळ पडतात, ड्रॉपमधून दाबताना लिव्हरच्या खालच्या टोकाकडे. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, मग कडीजवळ ढकलून बघा, म्हणजे हाताला फरक कळेल. ड्रॉपमधून एक-दोन बोटांत जेवढा ब्रेक लागतो, तेवढ्यासाठी हूडवर सगळी मूठ आवळावी लागते. एवढ्या लांब उतारावर असं चाललं की भावाच्या बोटांचं झालं तेच होतं, आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर हातात जोर उरत नाही. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर हा फरक बराच कमी होतो, हूडवरूनही काम भागतं. केबलचे रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासणारे ब्रेक, असतील तर मात्र मी हूडवरून घाट उतरणार नाही आणि कुणाला उतरू देणार नाही.

पकडीचंही तसंच. हूडवर तळवे बरेचसे टेकलेले असतात. सावलीत न दिसलेला खड्डा आला की हात पुढे निसटू शकतो. ड्रॉपमध्ये अंगठा आणि बोटं बाकाभोवती बंद असतात. शिवाय धड खाली येतं, गुरुत्वमध्य खाली येतो. त्यामुळे जोरात ब्रेक लागला तरी मागचं चाक उचलायची शक्यता कमी होते. त्याच क्षणी कुल्ले सीटवर थोडे मागे न्यायचे. कोपर वाकलेले, खांदे सैल. हात ताठ ठेवले तर ड्रॉपचा निम्मा फायदा गेला.

हूडच्या बाजूनेही बोलायला हवं. मान वर राहते, लांबचं दिसतं, पाठीला आराम मिळतो. बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोमागे रखडत उतरताना मी सरळ हूडवर येतो. आणि उभं धड हाही एक ब्रेकच आहे: वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. मोकळ्या सरळ पट्ट्यात नुसतं उठून बसलं तरी वेग आवरतो, बोटांना तेवढी विश्रांती.

वाकायची भीती बऱ्याचदा मनात नसते, मापात असते. भावाची बोटं आखूड, ड्रॉपमधून लिव्हर त्यांच्या टप्प्यात येतच नव्हती. बऱ्याच लिव्हरना त्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. आम्ही तो फिरवून लिव्हर आत घेतली, मग ब्रेकची केबल तपासली, आणि त्याच संध्याकाळी त्याचं मत बदललं. पाठ कडक असेल तर हँडल थोडं वर घ्या. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे तेही आधी बघून ठेवा. मोटारसायकलवर तो उजव्या हाताला असतो, सायकलवर दोन्ही तऱ्हा सापडतात.

ब्रेक हलका धरून ठेवायचा की दाबून सोडायचा? दाबून सोडायचा. सतत घासणाऱ्या रिम ब्रेकने रिम तापते, ट्यूब फुटू शकते. कार्बन रिमला तर उष्णता आणखी बाधते. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना उतरवा, वळणात ब्रेक सोडा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं.

वळणात बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, अंगाचा भार त्या पायावर, नजर वळण सुटतं तिकडे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. त्यामुळे डाव्या वळणात वेग जास्त झाला तर आपण थेट समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत फेकले जातो. उजव्या वळणात फेकले जातो ते कडेच्या खडीत किंवा गटारात. मला डावी वळणं जास्त घातक वाटतात, तिथे मी आणखी हळू होतो.

तिसरी पद्धत टीव्हीवर दिसते: सीट सोडून समोरच्या दांड्यावर बसून छाती हँडलवर टेकवायची. २०१६ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत ब्रिटिश सायकलपटू क्रिस फ्रूम तसा उतरला आणि त्या दिवसाचा टप्पा जिंकला. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींत या बैठकीवर बंदी घातली. त्या बैठकीत सायकलवरचा ताबा फार कमी उरतो. आपल्या रस्त्यावर कधीही गुरं आडवी येतात, तिथे तिचा विचारसुद्धा नको.

उतारावर सायकल थरथरायला लागली तर हँडल आवळू नका. पकड सैल करा, दोन्ही गुडघे दांड्याला टेकवा, हळूहळू ब्रेक लावा.

चोर्ला की अनमोड? सुरुवातीला चोर्ला. अनमोड हा गोव्यात उतरणारा दुसरा घाट राष्ट्रीय महामार्गावर आहे, मालाचे ट्रक अंगावर येतात. फक्त चोर्ल्याहून संध्याकाळी उतरू नका. तोंड पश्चिमेकडे होतं आणि उतरतं ऊन डोळ्यांत येतं. पहाटे केरीहून चढा आणि ऊन पाठीशी असताना उतरा. त्याआधी दोन-तीन रविवारी सकाळी पणजीत आल्तिनोच्या उतारावर ड्रॉपमध्ये हात बसवून घ्या. उतार छोटा आहे, चुकलं तर लगेच थांबता येतं.

पावसाळ्यात मात्र माझा सल्ला वेगळा आहे. ओल्या रिमवर ब्रेक लावला की चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, वळणांवर शेवाळ आणि कुजलेली पानं असतात, वर धुकं. रिम ब्रेकची सायकल असेल तर जून ते सप्टेंबर घाट चढूच नका.