महागाई रोखण्याचे दोन मार्ग: रेपो दर की निर्यातबंदी?

रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. एखाद्या बँकेचे फ्लोटिंग (बदलत्या व्याजाचे) गृहकर्ज रेपोशी जोडलेले असेल, तर व्याजदर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलतो. 20 वर्षांच्या 20 लाखांच्या कर्जाचा दर 7 वरून 9.5 टक्के झाला, की हप्ता 15,506 वरून 18,643 रुपयांवर जातो. घरखर्चाला कात्री लागते, मागणी मंदावते. हा परिणाम सावकाश होतो. शिवाय साताऱ्यातल्या पतसंस्थेचे कर्ज रेपोला बांधलेले नसते, तिथे तो आणखी उशिरा पोचतो. आणि पावसाने कांदा सडला असेल, तर व्याज वाढवून कांदा पिकत नाही.

निर्यातबंदीचा परिणाम मात्र लगेच दिसतो: माल देशातच राहतो, भाव उतरतो. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024 पर्यंत. नेमकी खरिपाच्या आवकेची वेळ. सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या बाजारात येणारा हळवा (खरिपाचा, लवकर निघणारा) कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. उन्हाळी कांद्यासारखा भाव येईपर्यंत राखता येत नाही. मिळेल त्या दरात विकावाच लागतो. शहरातल्या ग्राहकाला मिळालेला दिलासा थेट शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीनंतर हाती येणाऱ्या रकमेतून, वजा होतो, आणि पुढच्या हंगामात लागवड घटली तर टंचाई परत येते.

महागाई सगळीकडे पसरली असेल तर रेपोच योग्य. एकाच पिकाची टंचाई असेल, तर सरसकट बंदीपेक्षा आधी जाहीर केलेले, मुदतबंद निर्यातशुल्क बरे: शेतकऱ्याला निदान लागवडीआधी हिशेब मांडता येतो.