सात महिने रिसीव्हिंग लूप वापरल्यावर: अँटेना ठेवा, सोबतचा ॲडॉप्टर आधी काढा

गेल्या महिन्यात माझ्या हॅम रेडिओच्या लूपचा (फक्त ऐकण्यासाठीच्या गोल अँटेनाचा) प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारा बोर्ड, गेला आणि सर्व्हिसवाल्यांशी दोन दिवस फोनवर वाद झाला. तेव्हाच ठरवलं की राहून गेलेला हा अनुभव आता लिहून टाकायचा.

८० मीटर बँडवर (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) उंच इमारतीतून काम करणाऱ्यांना पार्श्वभूमी सांगायला नको. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (साधी तारेची अँटेना) म्हणजे ४० मीटर तार, आणि तेवढी जागा कुणाकडेच नसते. मी चौदाव्या मजल्यावर. ट्रान्समिटसाठी गॅलरीतून खाली २० मीटरची तार सोडली आहे. ती भिंतीला इतकी लगटून उतरते की प्रत्येक घरातल्या वायरिंगची खरखर गोळा करूनच वर येते. सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर नुसत्या नॉइजनेच रात्रंदिवस ९ वर. माझा सिग्नल लोकांना पोचायचा, त्यांचं उत्तर मात्र मला ऐकू यायचं नाही, आणि समोरचा पुन्हा पुन्हा हाक मारतोय हे नुसतं कळत राहायचं. म्हणून फक्त ऐकण्यासाठी हा एक मीटर व्यासाचा ॲक्टिव्ह लूप घेतला.

पहिले दोन महिने मी नाराज होतो. नॉइज ९ वरून ७ वर आला खरा, पण सिग्नलही तेवढेच खाली आले. एस-मीटरचा काटा पडला म्हणजे ऐकायला सुधारलं असं नाही, सिग्नल नॉइजच्या किती वर आहे तेच महत्त्वाचं. वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या फ्रीक्वेन्सीच्या सरकत्या चित्रावर) साधारण ६५ किलोहर्ट्झच्या अंतराने धुरकट उभे पट्टे दिसायचे, आणि तासाभरात ते हळूहळू बाजूला सरकायचे. शेजारच्या कुणाचा तरी एलईडी ड्रायव्हर असणार असं धरून मी मजल्यामजल्यावर पोर्टेबल रिसीव्हर घेऊन फिरलो. सर्व्हिसला विचारलं तर एकच उत्तर: "तुमच्या बिल्डिंगचाच नॉइज आहे."

मग एका रात्री अख्ख्या इमारतीची वीज गेली. रिग (रेडिओ सेट) बॅटरीवर होताच. लूपचा ॲडॉप्टर बंद पडला, म्हणून त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून लूपलाही वायर दिली. नॉइज एस २! ३.५ मेगाहर्ट्झवर इतकी शांतता या घरात मी कधीच ऐकली नव्हती. वीज आली, लिफ्ट सुरू झाल्या, घराघरांत दिवे लागले आणि काटा ४ वर जाऊन थांबला. लूप अजून बॅटरीवरच होता. मुद्दाम ॲडॉप्टर लावून पाहिला. ७! आणि ते धुरकट पट्टे जागच्या जागी परत. एका एस-युनिटला ६ डेसिबल धरले तर १८ डेसिबलचा कचरा त्या काळ्या डबीतून येत होता, आणि मी दोन महिने शेजाऱ्यांवर संशय घेत होतो.

हे मला अजूनही सहन होत नाही. नॉइज कमी करायला घेतलेल्या वस्तूच्या खोक्यात कंपनीनेच स्विचिंग ॲडॉप्टर घालून दिला आहे. त्याचा नॉइज पुरवठ्याच्या वायरीतून कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवर चढतो आणि जाळीच अँटेना होऊन बसते. पट्टे सरकायचे तेही म्हणूनच: ॲडॉप्टर तापला की त्याची फ्रीक्वेन्सी हलते.

वायरीवर क्लिपचा फेराइट (नॉइज अडवणारा चुंबकीय तुकडा) लावून पाहिला, काडीचा फरक नाही. इतक्या खालच्या बँडवर एका वेढ्याने काही होत नाही. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ३१ नंबरच्या मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) २.४ इंची रिंगवर कोॲक्सचे १२ वेढे घेतले, असा एक चोक (जाळीवरचा नॉइज अडवणारी गुंडाळी) लूपपाशी, एक रिगपाशी. चोक लावून आणि ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर सप्लाय देऊन आता रोजचा नॉइज एस ३ ते ४.

इथे माझं आणखी एक मत बदललं. लूप चुंबकीय आहे म्हणून शहराचा नॉइज घेत नाही, या जाहिरातीवर मी विश्वास ठेवला होता. खरा फायदा त्याच्या नलचा आहे, म्हणजे ज्या दिशेचं त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही त्या दिशेचा. छतावरच्या लिफ्टच्या ड्राइव्हचा करकराट लूप थोडासा फिरवला की विरतो, दहा अंश पुढे गेलो की परत येतो. दूरचे सिग्नल आयनोस्फिअरवरून वरच्या कोनातून येतात, त्यांना या नलने फारसा धक्का लागत नाही. पण शेजारच्या फ्लॅटमधला नॉइज असा कापता येत नाही. ८० मीटरवर पहिले तेरा-एक मीटर निअर फील्डमध्येच (अँटेनाच्या अगदी जवळच्या क्षेत्रात) मोडतात, आणि वायरिंग तर चहूबाजूंनी असतं.

३.५७३ मेगाहर्ट्झवर एफटी८ च्या (संगणकाने वाचायच्या छोट्या डिजिटल संदेशांच्या) सलग दोन पाळ्या पाहिल्या: तारेवर ९ स्टेशनं डीकोड झाली, लूपवर ३१.

प्रीॲम्प गेला त्यात माझीही चूक आहे. लूपपासून दोन मीटर अंतरावरच्या ट्रान्समिटच्या तारेत १०० वॉट देताना लूप चालूच राहिला. आता पीटीटीबरोबर (बोलण्याचं बटण दाबताच) लूपचा इनपुट ग्राउंड करणारा रिले लावलाय, नव्याने घेणाऱ्यांनी तो पहिल्याच दिवशी लावावा. पण मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही आणि फोनवरचा माणूस वॉरंटी नाकारताना "हे तर सगळ्यांना माहीत असतं" म्हणाला, ते मला लागलं. शेवटी बोर्ड बदलून मिळाला. पार्सलमध्ये सोबत पुन्हा तोच ॲडॉप्टर होता.

तो सील न फोडता कपाटात ठेवलाय. लूपच्या खांबावर मार्करने दोन रेघा मारल्या आहेत, एक लिफ्टची, एक समोरच्या इमारतीवरच्या सोलर इन्व्हर्टरची. दिवसा दुसऱ्या रेघेवर असतो. अंधार पडला की इन्व्हर्टर झोपतो, मग पहिल्या रेघेवर आणून बँडवर बसतो.