गुलामगिरी घटनेनुसार संपली का? उद्घोषणा आणि तेरावी दुरुस्ती

अमेरिकेतली गुलामगिरी घटनेला धरून संपली की बंदुकीच्या जोरावर, या वादात बाजू ठरवायची असेल तर दोन कागद वेगळे ठेवा: १ जानेवारी १८६३ची मुक्तीची उद्घोषणा (यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेतल्या गुलामांना मुक्त ठरवणारा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा आदेश) आणि देशभर गुलामगिरी बंद करणारी १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती. दोन्ही एकत्र कालवले की वाद भरकटतो.

उद्घोषणेला आधार होता सरसेनापती म्हणून राष्ट्राध्यक्षाकडे असलेल्या युद्धकाळातल्या अधिकारांचा. शत्रूसाठी राबणारे हात काढून घेणं ही लष्करी गरज, असा लिंकन यांचा युक्तिवाद. म्हणून ती फक्त बंडखोर मुलखाला लागू झाली. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही बंडात न उतरलेली गुलामगिरीची राज्यं बाहेरच राहिली. या वगळण्याला अनेक जण ढोंग म्हणतात. मला त्यातच तिचं घटनात्मक बळ दिसतं, कारण बंड न केलेल्या राज्यातली गुलामगिरी नुसत्या आदेशानं मोडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. तरी राष्ट्राध्यक्षाला असा अधिकारच नाही, हा आक्षेप किरकोळ नव्हता: ड्रेड स्कॉट या गुलामानं स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात १८५७मध्ये स्कॉटच्या बाजूनं भिन्नमत देणारे सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायाधीश बेंजामिन कर्टिस यांनीच १८६२मध्ये पुस्तिका लिहून तो घेतला.

दुरुस्तीचा मार्ग घटनेतच लिहिलेला होता: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, मग तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी. प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी ती संमत झाली, आणि ६ डिसेंबरला जॉर्जियाच्या मंजुरीनं ३६पैकी २७ राज्यं पूर्ण झाली. खरी अडचण इथे आहे. त्या २७मध्ये ८ राज्यं हरलेल्या दक्षिणेतली होती. त्यांची मंजुरी मोजली, पण त्याच डिसेंबरात त्यांच्या प्रतिनिधींना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, बसू दिलं नाही. ही विसंगती लपवू नका, प्रतिपक्ष नेमकी तीच काढेल.

त्यावर माझं उत्तर असं: सक्तीनं मिळवलेली संमती, अशी तक्रार करताना कोणाची संमती मोजता? १८६०च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाची निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती आणि त्यांना मत नव्हतं. शिवाय लिंकन यांना निवडून देणाऱ्या कायदेशीर निवडणुकीचा निकाल झुगारून त्या राज्यानं फुटण्याचा ठराव केला आणि एप्रिल १८६१मध्ये फोर्ट सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर युद्धाचा पहिला तोफगोळा दक्षिणेनं डागला.

म्हणून निवड करायची तर दुरुस्तीच्या बाजूनं उभे राहा आणि उद्घोषणेला युद्धापुरतं मोजा. केवळ उद्घोषणेवर भिस्त ठेवणाऱ्याला केंटकीबद्दल विचारा: तिथे उरलेल्या गुलामांना कायद्यानं मोकळं केलं ते डिसेंबर १८६५मध्ये, दुरुस्तीनं.