आधी फॉलोअर्स, की आधी हस्तलिखित?

गेल्या आठवड्यात खानापूरची भाची आली. पिशवीत दोनशे पानी तीन वह्या, कादंबरीचा कच्चा खर्डा. म्हणाली, "मामा, फॉलोअर्स नसतील तर एजंट बघतपण नाहीत म्हणे. वही ठेवून आधी इन्स्टाग्राम चालवू काय?"

बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच लिहित्या पोरांना हाच प्रश्न पडलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठीत लिहिणार असाल तर एजंट, म्हणजे लेखकाचं हस्तलिखित प्रकाशकापर्यंत नेणारा मध्यस्थ, हा प्रकार आपल्याकडे जवळजवळ नाहीच. हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं आणि नाव ओळखीचं होतं ते बहुतेक दिवाळी अंकांतून. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, गाड्यांवरचे ड्रायव्हर अशी माणसं त्यांनी मराठी कथेत आणली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांना महाराष्ट्रभर वाचक मिळाले ते छापलेल्या कथांमुळे. शिवाय कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं आपल्या दाराशी भरतात. तिथं समोर बसलेला माणूस कुठल्या ओळीला मान वर करतो ते दिसतं. लाइकमध्ये ते कळत नाही.

फेसबुकचा फायदा मी नाकारत नाही. जांबोटीत बसून लिहिलेलं त्याच संध्याकाळी पुण्यात वाचलं जातं, आणि सीमाभागातल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दिवाळी अंकांना बहुधा अप्रकाशित साहित्य लागतं. भिंतीवर टाकलेली कथा संपादक परत करू शकतो. दुसरं म्हणजे वेळ. मी एक वर्ष रोज कविता टाकली. कौतुक भरपूर झालं, पण त्या वर्षी एकही कथा पुरी झाली नाही. त्याची हळहळ अजून आहे.

इंग्रजीत लिहिणार असाल तर हिशेब वेगळा. तिथं बऱ्याचदा एजंट लागतो, आणि लेखकाच्या मिळकतीतून तो साधारण १५ टक्के घेतो. आधी फी मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. कादंबरी असेल तर ती पुरी झालेली हवी. सोबत एक पानाचं पत्र, कथानकाचा सारांश आणि सुरुवातीची काही पानं. निर्णय होतो तो मुख्यतः त्या पानांवर. फॉलोअर्स असले तर बरंच, नसले म्हणून पत्र केराच्या टोपलीत जात नाही.

माहितीपर पुस्तकाचं मात्र तसं नाही. ऊसशेती, आरोग्य, खानापूरचं जंगल असा विषय असेल तर पूर्ण पुस्तकाआधी प्रस्ताव आणि नमुन्याची प्रकरणं चालतात. त्या प्रस्तावात 'हे तुम्हीच का लिहावं, आणि कोण विकत घेईल?' याचं उत्तर द्यावं लागतं. इथं तुमचे ऑनलाइन वाचक, व्याख्यानं, वर्तमानपत्रातलं सदर यांना खरंच वजन असतं. असं पुस्तक डोक्यात असेल तर आजपासून नेमानं लिहायला लागा.

भाचीची कादंबरी मराठी आहे. तिनं एक पान वाचून दाखवलं. आजी काजूची बी भाजतेय, चीक उडून मनगटावर काळे डाग पडलेत, आणि नात ते डाग मोजतेय. हे लिहिणाऱ्या मुलीनं रोजचे दोन तास रील्सला द्यावेत, हे मला पटत नाही. महिन्याला एखादी छोटी नोंद टाकली तरी पुरे.

तेच प्रकरण सुटी कथा म्हणून उभं राहतं. पावसाळ्यात अंकाला पाठवायचं ठरलंय. तिसऱ्या वहीची शेवटची चाळीस पानं अजून कोरी आहेत. भाची आता वही घरी नेऊन आधी तीच पानं भरतेय.