पंधरा ते ऐंशी : आठ महिने ईव्ही चालवल्यावर लांबच्या प्रवासाचा हिशोब

ईव्ही म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फुल चार्जमध्ये किती जाते? शहरात फिरणाऱ्याला या उत्तराचा उपयोग होतो. लांबच्या प्रवासात मात्र फुल चार्ज एकदाच मिळतो, घरून निघताना. त्यानंतर रस्त्यावरच्या प्रत्येक फास्ट चार्जरवर बॅटरी साधारण १५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरायची आणि पुढे निघायचं. म्हणजे प्रवासाची आखणी ६५ टक्के बॅटरीवर करावी लागते. तेवढ्यात गाडी किती जाते हे कळलं की रेंजची धास्ती बरीचशी संपते.

पुढचे आकडे माझ्या गाडीचे, टाटाच्या नेक्सॉन ईव्ही ४५ चे आहेत. बॅटरी ४५ युनिटची. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास (हजार वॅट-तास), आणि ईव्हीचा हिशोब युनिटमध्येच सोपा पडतो. चार माणसं आणि सामान धरून गाडी साधारण साडेसतराशे किलो भरते.

कंपनीच्या कागदावर या गाडीची रेंज ४८९ किलोमीटर आहे. हा आकडा खोटा नाही, फक्त तो महामार्गावरचा नाही. भारतीय चाचणीचं चक्र प्रयोगशाळेत रोलरवर चालतं, त्यात वेग ९० किमीच्या वर जात नाही आणि बराचसा भाग शहरी, संथ वेगाचा असतो. ‘प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७०’ असा दुसरा आकडाही कंपनीच देते. मिश्र वापरात तो पटतो. एक्सप्रेस-वेवर तोही गाठता येत नाही, कारण तिथे वेग आडवा येतो.

स्थिर वेगात, एसी चालू ठेवून, सपाट रस्त्यावरचा खर्च असा पडतो. ताशी ८० ला किलोमीटरमागे १२५ ते १३० वॅट-तास, १०० ला १६० ते १६५, १२० ला २०५ ते २१०. टायरचं घर्षण वेगानुसार फारसं बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की हवेवरचा खर्च दीडपटीहून जास्त होतो, १२० वर सव्वादोन पट. पेट्रोल गाडीतही हेच घडतं, पण इंजिन मुळातच इतकी उष्णता वाया घालवतं की फरक तितका डोळ्यांत भरत नाही. मोटर वाया फार कमी घालवते, म्हणून वेगाची किंमत लगेच दिसते.

गाडीत बसल्यावर वॅट-तासांची गणितं करत बसू नका. ‘एका टक्क्यात किती किलोमीटर’ हे माप धरा. या गाडीत ८० च्या वेगाला एका टक्क्यात साडेतीन किमी, १०० ला पावणेतीन, १२० ला दोनपेक्षा किंचित जास्त. ६५ टक्क्यांना गुणलं की चार्जर ते चार्जर अंतर मिळतं : ८० ला सुमारे २२५ किमी, १०० ला १८०, १२० ला १४०. पहिल्या टप्प्यात १०० वरून १५ पर्यंत उतरता येतं, तेव्हा हेच आकडे ३००, २३५ आणि १८० होतात. तुमची बॅटरी वेगळी असेल तर एका दिवसाच्या महामार्ग प्रवासात निघताना आणि पोचताना टक्के लिहून ठेवा आणि स्वतःचं माप काढा. तो एक आकडा डॅशबोर्डवरच्या ‘उरलेले किलोमीटर’पेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. डॅशबोर्ड मागच्या काही किलोमीटरच्या सरासरीवरून पुढचा अंदाज बांधतो. त्याला पुढे घाट आहे की उतार, हे माहीत नसतं. खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर तो उगाच घाबरवतो, उतरून आल्यावर उगाच आशा लावतो.

घाटाचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सह्याद्री ओलांडल्याशिवाय आपले बहुतेक प्रवास होतच नाहीत. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण साधारण साडेपाचशे मीटरची. साडेसतराशे किलो तेवढे वर उचलायला सुमारे २.६ युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून तीनच्या आसपास. म्हणजे नेहमीच्या खर्चावर आणखी ६ ते ७ टक्के. उतरताना यातलं सगळं परत मिळत नाही. आधी तो उतार गाडी पुढे ढकलण्यात खर्ची पडतो, उरलेलं रीजनमधून (वेग रोखताना मोटरच वीज तयार करते त्यातून) बॅटरीत जातं आणि तिथेही थोडी गळती होते. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत टक्के दोन-तीनने वाढलेले दिसतात. पण खरा फायदा म्हणजे मधल्या दहा-पंधरा किलोमीटरना काहीच खर्च झालेला नसतो. एकूण हिशोबात मुंबईहून पुण्याला जाताना पुण्याहून मुंबईला येण्यापेक्षा १० ते १२ टक्के बॅटरी जास्त लागते. एकाच रस्त्याचे दोन दिशांचे दोन वेगळे प्लॅन करावे लागतात. आंबोलीचंही तसंच. कोल्हापूरहून सावंतवाडीला उतरताना जेवढ्यात निभावतं, तेवढ्यावर परतीचा प्रवास आखू नका. सावंतवाडी सोडताना चढणीसाठी १० टक्के जादा धरा.

घाटमाथ्यावरच्या हॉटेलात रात्रभर गाडी १०० टक्के भरून सकाळी लगेच उतरायला लागणं ही नेहमीची चूक. भरलेल्या बॅटरीत जागाच नसते, त्यामुळे रीजन जवळपास बंद होतं, आणि पायऱ्यापायऱ्यांनी रीजन वाढवणारे स्टीअरिंगमागचे पॅडल दाबूनही गाडी रोखली जात नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. रीजनची सवय झालेल्या चालकाला हे अचानक जाणवतं आणि ते धोक्याचं आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरायचं असेल तर ९० टक्क्यांवर थांबवा. त्या सुमारे तेराशे मीटरच्या उतारात ५-६ टक्के फुकट भरतात.

आता एका पूर्ण प्रवासाचा हिशोब. ठाणे ते कोल्हापूर, साधारण ३८० किमी. वेग ८० ते १००, एका टक्क्याला ३ किमी धरू. १०० टक्क्यांवर निघालात तर पुण्याच्या बाहेर, दीडशे किलोमीटरवर, ५० टक्के रस्त्याचे आणि ६ घाटाचे जाऊन ४४ उरतात. त्यावर साताऱ्यापर्यंत ताणायचा मोह होतो. ताणू नका. पुण्यापासून ११० किमी, शिवाय साताऱ्याच्या दिशेने खंबाटकीचा चढ, म्हणजे पोचताना हातात ५ टक्केही उरत नाहीत. शिरवळच्या अलीकडे-पलीकडे २७ टक्क्यांवर थांबा, ८० पर्यंत भरा. तिथून कोल्हापूर १८० किमी, घाट धरून ६३ टक्के. १७ वर पोचाल, पण डायव्हर्जन किंवा पाऊस आला तर ही गाठ फार घट्ट बसते. म्हणून कऱ्हाडला चहाला थांबाल तेव्हा पंधरा मिनिटं चार्जरची गन लावा. एकदाच ९५ पर्यंत भरत बसण्यापेक्षा दोन छोटे थांबे वेळ वाचवतात. ८० नंतर चार्जिंगचा वेग इतका पडतो की शेवटचे २० टक्के भरायला आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागू शकतो.

पावसाचा खर्च लोक धरत नाहीत. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावं लागतं, ५ ते १० टक्के जादा जातात. समोरचा वारा त्याहून वाईट : ताशी २० किमीचा वारा समोरून असेल तर ८० ने चालवूनही खर्च १०० च्या वेगाचा येतो. टपावर कॅरिअर आणि सामान असेल तर आणखी १० टक्क्यांच्या आसपास. उलट एसीची भीती अवाजवी आहे. मे महिन्यात तापलेली गाडी थंड करताना पहिली दहा-पंधरा मिनिटं तीन किलोवॅटपर्यंत ओढ असते, नंतर एक किलोवॅटच्या आसपास. ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तरी एसीपायी २ ते ३ टक्के. घाटात कोंडी झाली म्हणून मुलांना घामाघूम बसवू नका. टायरची हवा मात्र दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी ठेवा.

समृद्धी महामार्गाबद्दल वेगळं सांगायला हवं. नागपूरहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किमी, कारला ताशी १२० ची मुभा, आणि बाहेर पडायला इंटरचेंजच. इथे १२० धरलात तर १४० किमीला एक चार्जिंग. ९० ते ९५ वर चालवलंत तर एका टप्प्यात ५०-६० किमी जास्त मिळतात आणि पूर्ण मार्गात एखादा थांबा वाचतो, पण वेग कमी असल्याने पोचायला तरीही तासभर जास्त लागतो. शहरातल्या चार्जरसाठी इंटरचेंजमधून बाहेर जाऊन परत यायचे किलोमीटरही आधीच धरा. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर जोरात चालवून लगेच फास्ट चार्जिंगला लावलं की बॅटरी गरम असल्याने गाडी स्वतःच करंट कमी घेते. अशा वेळी यंत्रात दोष शोधू नका.

चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलं म्हणून ६० मिळेलच असं नाही. बऱ्याच ६० च्या यंत्रांत ३०-३० चे दोन भाग असतात. शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की तुम्हाला ३० मिळतात. मग चाळीस मिनिटांचा थांबा तास-सव्वातासावर जातो. शक्य असेल तर रिकाम्या यंत्राला लावा, आणि अॅपमध्ये ‘उपलब्ध’ दिसतंय एवढ्यावर विसंबू नका. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं हे पाहा, दोन-तीन दिवसांत कुणीच भरलं नसेल तर तो चार्जर बंद आहे असं समजूनच चला. प्रत्येक थांब्यासाठी २० किलोमीटरच्या आतला दुसरा चार्जर हेरून ठेवा. १५ टक्के राखून ठेवायचे ते यासाठीच. तीन-चार कंपन्यांची अॅप आणि वॉलेट घरूनच तयार करा, घाटात नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही. दर युनिटला साधारण १८ ते २५ रुपये पडतात, वर जीएसटी. यंत्र मोजतं त्यापेक्षा बॅटरीत थोडं कमी जातं, फास्ट चार्जिंगला ५ ते ८ टक्के, घरच्या चार्जिंगला १० टक्क्यांच्या पुढे.

मुक्कामी पोचल्यावर पंधरा अँपिअरचा सॉकेट मिळाला तर पोर्टेबल चार्जर तासाला साधारण ३ युनिट घालतो, रात्रीच्या दहा तासांत ६० टक्के. अडचण येते ती अर्थिंगची. जुन्या वाड्यांत, होमस्टेमध्ये सॉकेटला अर्थची तार जोडलेलीच नसते, आणि मग चार्जरवर लाल दिवा लागून तो सुरूच होत नाही. हा दिवा चुकवायचे जुगाड कुणी सुचवले तरी करू नका, अर्थिंग नसलेल्या गाडीला हात लावणं जिवावर बेतू शकतं. साधा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. सलग दहा तास १४-१५ अँपिअर त्याला झेपत नाहीत, ढिल्या सॉकेटात प्लगच्या पिना तापून प्लास्टिक वितळतं. लावल्यावर वीस मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर काढून दुसरा सॉकेट शोधा.

शेवटी टक्क्यांच्या खरेपणाबद्दल. ही बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची आहे. तिचा व्होल्टेज ८० वरून ३० पर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे नेमके किती टक्के उरले हे गाडीला व्होल्टेजवरून कळत नाही, ती आत-बाहेर गेलेल्या युनिटचा जमाखर्च ठेवते. महिनोन् महिने ८० वरच थांबवत राहिलात तर त्या जमाखर्चात चूक साठते आणि १२ टक्के दाखवताना एकदम ७ दिसू शकतात. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री हमखास, घरच्या संथ चार्जरवर १०० पर्यंत भरा. १०० दिसल्यावरही चार्जर लगेच काढू नका, गाडी आपणहून थांबेपर्यंत लावून ठेवा.