साठेखत नोटरी केलं आणि निवांत बसलो, तिथंच फसलो

मंडळी, जरा लांबलंय, पण घर-प्लॉट घ्यायच्या विचारात असाल तर वाचा. 2022 च्या मार्चमध्ये कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक जुनं कौलारू घर ठरवलं, 34 लाखाला. मालक मेव्हण्याच्या ओळखीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, त्यामुळं वकील कशाला, उगाच दहा हजार जातील असं मीच म्हणालो. पाच लाख दिले, तीन चेकनं, दोन रोख. रोखीची पावती मागितली तर अण्णा म्हणाले, "आपल्यात पावती कसली?" शंभरच्या स्टॅम्पवर साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करायची असा करार, टाईप केलं, नोटरीचा शिक्का घेतला, तिथंच चहा मारला आणि मला वाटलं घर आपलं झालं.

त्या कागदात एक ओळ होती, 'मिळकतीचा ताबा आज रोजी दिला आहे'. टायपिस्टच्या जुन्या नमुन्यातली, तशीच राहिली. पुढच्या सोप्यात भाडेकरूची पिठाची गिरणी, तिच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि ताबा मिळाला म्हणून मी खाली सही ठोकली.

खरेदीखताची मुदत 30 जून 2022. प्रॉपर्टी कार्डावर अण्णांच्या दोन बहिणींची पण नावं, त्यांचं हक्कसोड करून घेतो म्हणाले. आषाढ जाऊ दे, मग गणपती, मग पितृपंधरवडा, मग दिवाळी, असं करत अडीच वर्षं गेली, तोवर माझ्या होमलोनच्या मंजुरीची मुदत पण संपली. नोटीस पाठव म्हणून बायको सांगायची, मी म्हणायचो संबंध बिघडतील.

2025 च्या फेब्रुवारीत गिरणीवाल्यानंच सांगितलं, "मालक बदललं की, तुमास्नी म्हाईत न्हाई?" इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर ऑफिसातला व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, काढला, तर अण्णा आणि दोन्ही बहिणींनी मिळून दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखत करून दिलेलं.

पोलिसात गेलो, दिवाणी मॅटर आहे म्हणाले. मग वकीलबाईंकडं. त्यांनी कागद वाचला आणि पहिलाच प्रश्न, "30 जूनला खरेदी झाली नाही, मग 1 जुलैला तुम्ही काय केलं?" काय सांगणार, फोन केला होता.

त्यांनी सांगितलं ते असं, की करारात तारीख ठरलेली असली की खरेदी करून मागायचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आतच टाकावा लागतो, म्हणजे माझ्याकडं चारच महिने उरलेले. मी कायम खरेदीला तयार होतो हे मीच सिद्ध करायचं, आणि लेखी काहीच नाही. साठेखत रजिस्टर केलं असतं तर नव्या खरेदीदाराला 'मला माहीत नव्हतं' म्हणता आलं नसतं. बहिणींच्या सह्या नाहीत, म्हणजे त्यांच्या हिश्श्यावर माझा कागद चालतच नाही. आणि ती ताब्याची ओळ! ताबा दिला असं लिहिलं की साठेखताला खरेदीखताएवढी स्टॅम्प ड्युटी लागते, ती राहिलेली ड्युटी आणि वर महिन्याला दोन टक्के दंड भरल्याशिवाय कोर्ट कागद पुराव्यात घेत नाही. न मिळालेल्या ताब्याचा दंड, सांगा आता.

म्हणून सांगतो, विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी एकदा आणि ठरलेली तारीख टळली की त्याच आठवड्यात परत, वकिलाकडं जावा. कार्डावर सही करणाऱ्यापेक्षा जास्त नावं दिसली, समोरचा रोख मागायला लागला, मुदतवाढ नुसती तोंडी द्यायला लागला, तरी जावा. महारेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाखाली, येणाऱ्या स्कीममधला फ्लॅट असेल तर रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, हे तोंडावर सांगा. आणि फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे मला कसबा बावड्याच्या कोर्टात हेलपाटे घालताना कळलं.

दावा मुदतीत टाकलाय, तारखा चालू आहेत. अण्णा रंकाळ्यावर फिरायला येतात, मला बघितलं की रस्ता बदलतात. गिरणी मात्र अजून तिथंच आहे, नव्या मालकानं खाली करा म्हणून बघितलं पण गिरणीवाला हललाच नाही, त्याचा भाडेकरार रजिस्टर आहे.