उकळलेला चहा की झाकलेला?

मराठी घरांत चहा करण्याच्या दोन रीती दिसतात. एका रीतीत पाणी, साखर, आले, चहापूड आणि दूध हे सारे एकाच पातेल्यात उकळते. दुसरीत पाण्याला खळखळून आधण आले की गॅस बंद करून चहापूड टाकतात, वर झाकण ठेवतात आणि दोन-तीन मिनिटांनी गाळून त्यात वेगळे तापवलेले दूध घालतात. मुंबईत टपरीवरच्या कटिंगमुळे पहिली रीत इतकी रुजली आहे की झाकलेला चहा म्हणजे आजारी माणसाचा चहा असे अनेकांना वाटते. ते खरे नाही; पण आपल्या घराला कोणती रीत मानवेल हे चहापूड आणण्याआधी ठरवलेले बरे, कारण पूड आणि दूध दोन्ही त्यावरून ठरतात.

बाजारात मिळणारी बहुतेक चहापूड सीटीसी, म्हणजे आपण ज्याला दाणेदार म्हणतो ती असते. १९३० च्या दशकात आसाममध्ये निघालेल्या या पद्धतीत पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याच्या बारीक गोळ्या केल्या जातात, आणि म्हणून तिचा रंग व कडकपणा पाण्यात झटकन उतरतो. उकळत्या दुधातही टिकेल असा चहा हवा असेल तर आसामच्या दाणेदार पुडीला पर्याय नाही. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना धरून ठेवते. त्यामुळे जो कोरा चहा जिभेला बोचला असता तोच दुधात गोलसर लागतो. मात्र चहाचा सुवास उडून जाणारा असतो आणि पातेले जितका वेळ खदखदते तितका तो वाफेबरोबर जातो. दार्जिलिंगची किंवा निलगिरीची महागडी पत्ती आणून ती आले-दुधात उकळणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. ती झाकूनच करावी, आणि दार्जिलिंग असेल तर दुधाशिवाय प्यावी. दाणेदार पूड झाकूनही उत्तम होते, फक्त वेळ सांभाळावी लागते: दोन मिनिटे पुरतात, चारच्या पुढे ती कडवट होते. सपाट भरलेला एक लहान चमचा पूड एका कपाला दोन्ही रीतींत चालते. उकळताना पाणी आटते हे धरून ते थोडे जास्त घ्यावे.

दुधाच्या बाबतीत निवड उलटी पडते. उकळलेल्या चहात दूध आटत असल्याने पिशवीतील टोन्ड दूधसुद्धा, ज्यात स्निग्धांश ३ टक्के असतो, दाट लागते. झाकलेल्या चहात दूध शेवटी आणि थोडेच पडते, त्यामुळे ते पातळ असेल तर कपात नुसते गढूळ पाणी दिसते. तिथे ६ टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम किंवा गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतून येणारे म्हशीचे दूध हवे. ते कडकडीत गरम हवे आणि साय गाळणीत अडवलेली हवी. झाकलेला चहा कोमट लागतो ही तक्रार बहुधा फ्रिजमधून थेट ओतलेल्या दुधाची असते.

आले आणि गवती चहा ज्यांना रोज लागतो त्यांनी फारसा विचार न करता उकळलेला चहा धरावा, कारण आल्याचा अर्क उतरायला उकळी लागतेच. झाकलेल्या चहातही आले घालता येते, पण ते आधणातच आधी उकळून घ्यावे लागते, म्हणजे वाचलेला वेळ तिथे खर्च होतो. कच्चे आले दुधात टाकू नये. त्यातील प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे दूध फाटू शकते. वेलदोडा मात्र झाकणाखाली जास्त खुलतो.

झाकलेल्या रीतीची खरी सोय घरात चार तऱ्हांचे पिणारे असले की कळते. आजोबांना मधुमेह आहे, सुनेला कोरा हवा, पाहुण्याला दोन चमचे साखर लागते. गाळलेला अर्क एकच, साखर आणि दूध ज्याच्या त्याच्या कपात. उकळलेल्या चहात हे करायचे तर साखर बाहेर ठेवता येते, दूध नाही. उलट सकाळी लोकल गाठायची असेल आणि एकच पातेले विसळायला वेळ असेल तर दोन भांडी काढणारी रीत टिकत नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून उकळलेल्या चहापाशी उभे राहावे लागते, ही तिची बाजू मुंबईच्या मे महिन्यात, ओट्याजवळ पंखा नसलेल्या स्वयंपाकघरात, विशेष जाणवते.

पाण्याचा मुद्दा लहान आहे. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचे पालिकेचे पाणी चहाला चांगले. सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर कोऱ्या चहावर तवंग धरतो आणि रंग मळकट होतो. दूध-आल्यात हा दोष लपतो, झाकलेल्यात लपत नाही. अशा घरी चहापुरते शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यावे.

माझा कल असा: दिवसातून एकदाच, सकाळी, आले घालून पिणाऱ्याने उकळलेलाच करावा आणि साधी दाणेदार पूड आणावी. तीन-चार वेळा पिणाऱ्याने दुपारनंतरचे कप झाकून करावेत; पोटाला ते हलके पडतात, दूधही कमी लागते. त्यासाठी वेगळी पूड घ्यायची तर दाणेदार पुडीत थोडी आसामची पत्ती मिसळून देणारा चहावाला गाठावा आणि पहिल्यांदा १०० ग्रॅमच घ्यावी. पावसाळ्यात तर त्याहून जास्त घेऊच नये, कारण मुंबईची दमट हवा अर्धवट मिटलेल्या पिशवीत शिरते आणि पूड मऊ पडून तिचा वास जातो; घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून आणि मसाल्यांपासून दूर ठेवली तर ती टिकते.